नाव नको, मत द्या

७ जुलै, सोमवार

पहिल्या वर्षाचा फिजिक्सचा वर्ग आज सुरू. ब विभाग माझ्याकडे. पुढची बाकं वह्या उघडून तयार, मागची खिडकीबाहेर. चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात उंच जाऊन क्षणभर थांबला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? विचारलं. सगळे गप्प. मग मीच फळ्यावर सांगितलं. "समजलं?" सगळ्या माना एकदम हलल्या. "शंका?" कोणालाच नाही. त्या माना बघून मला काहीच कळत नाही. बारावीपर्यंत मान हलवायला शिकून येतात बहुतेक.

हजेरीला कदिरवन नावाच्या मुलाने तोंड उघडलं नाही, नुसता हात वर केला. मी म्हटलं, आवाज कुठे गेला? शेजारची मुलगी उठून म्हणाली, "मॅम, तो अडखळतो बोलताना." वर्ग हसला. तो खाली बघत राहिला. मी पुढचं नाव घेतलं. दुसरं काय करणार होते, पण बरं नाही वाटलं.

८ जुलै, मंगळवार

वही आज स्टाफरूममध्येच राहिली होती. हरकत नाही. मराठीत लिहायचा हाच फायदा, कुंभकोणमला ही वाचणार कोण? पुण्यात एम.एस्सी.ला दोन वर्षं काढली, तेव्हा हात बसला. घरी वडिलांशी, अण्णांशी, आपली तंजावरची मराठी, बाहेर सगळं तमिळ, कागदावर मात्र पुण्याची. पुण्याच्या मैत्रिणी माझ्या 'अस्की पोरं'ला हसायच्या. हसू देत. अस्की म्हणजे सगळी, आणि आजही अस्की पोरं गप्पच बसली होती.

१० जुलै, गुरुवार

धीर करून जी.आर. सरांकडे गेले. आमचे विभागप्रमुख. माझेही सर होते ते, बी.एस्सी.ला. उन्हाळ्यात त्रिचीच्या शिबिरात पाहिलेलं सांगितलं. भिंतीवर प्रश्न, मुलं आपापल्या फोनवरून अ ब क ड निवडतात, कोणतं उत्तर कितींनी निवडलं त्याचे पट्टे लगेच पडद्यावर. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं.

सर: "फोन? वर्गात?"

आमच्याकडे वर्गात फोन दिसला की तो ऑफिसात जमा होतो, हे त्यांनीच सुरू केलेलं.

मी: "सर, एक विभाग. एकच सत्र."

सर (चष्मा काढून): "आणि ते सिनेमा बघत बसले तर?"

मी: "आत्ताही बघतातच सर. मनातल्या मनात."

हे कसं तोंडातून गेलं कळलं नाही. पण सर हसले. दिवाळीपर्यंत परवानगी!!

१४ जुलै, सोमवार

पहिला पोल. सुरुवातीला नुसता गोंधळ. रेंज फक्त खिडकीकडे, त्यामुळे अर्धा वर्ग खिडकीला लटकलेला. मागच्या सोमवारचाच चेंडूचा प्रश्न टाकला, मुद्दाम. ज्याचं उत्तर मी फळ्यावर लिहिलं होतं आणि ज्यावर सगळ्यांनी मान हलवली होती, तोच.

'शून्य' या उत्तराचा पट्टा वर चढत गेला. शून्य, शून्य, शून्य. जवळजवळ सगळा वर्ग चुकलेला.

म्हणजे माझा फळ्यावरचा तो तास फुकट. पण पोरांचं भलतंच. कोणीतरी मागून "अय्यो, मी एकटाच नाही!" आणि हशा. सुटका झाल्यासारखा हशा. गेल्या आठवड्यापासून प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच कळलेलं नाही.

उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. पाच मिनिटं नुसती कलकल. मग दुसरं मत. पट्टा उलटा! मागच्या बाकावरचा एक जण आपणहून ओरडला, "मॅम, शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता!" टाळ्या. फिजिक्सच्या तासाला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

अ‍ॅपमध्ये नावं दाखवायचं बटण आहे. ते सगळ्यांसमोर बंद केलं. म्हटलं, मला नाव नको, मत द्या. कोण चुकलं हे मला कधीच कळणार नाही. शब्द दिलाय.

१८ जुलै, शुक्रवार

सगळ्यांकडे फोन आहेत असं धरून चालले होते. चूक. शर्मिला, म्हणजे त्या दिवशी 'तो अडखळतो' म्हणणारी. चोळपुरम्‌हून येते. घरात फोन एक, तो भाऊ घेऊन जातो. दोन दिवस ही नुसती बसून होती आणि माझं लक्षही नाही. आणखीही आहेत तिच्यासारखी.

नवा नियम: दोघांत एक फोन, सगळ्यांनाच. ज्यांच्याकडे आहे त्यांनीही दुसरा दप्तरात ठेवायचा. दोघांचं एकमत झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. शर्मिला कदिरवनच्या बाकावरच बसते, तो आडुतुरैचा, त्याचा फोन. ही अखंड बोलणारी आणि तो न बोलणारा. बघू या काय होतं.

२४ जुलै, गुरुवार

आज मजा. प्रश्न: धावत्या बसच्या काचेवर डास आपटला. कोणी कोणावर जास्त जोर लावला? बसने, डासाने, की सारखाच?

सगळा वर्ग बसच्या बाजूने. 'सारखाच'ला एकच मत. एकच! बारीक रेघ पट्ट्याच्या जागी.

म्हटलं, "चर्चा." बाकांमधून फिरले. कदिरवन तळहातावर पेनाने बाण काढत होता, एक इकडे एक तिकडे, सारख्या लांबीचे, आणि शर्मिला हात नाचवत पुढच्या बाकाला सांगत होती. दुसऱ्या मताला ती रेघ पट्टा झाली होती. पूर्ण नाही, पण अर्ध्याहून जास्त वर्ग तिकडे.

"कोण सांगेल?" शर्मिला उठली. "मॅम, हे कदिरचं आहे, पण मी सांगते." आणि धडाधड सांगितलं, अर्धं चुकीचं. तो डोक्याला हात लावून बसला. शेवटी स्वतः उठला, फळ्यापाशी आला, बस काढली, डास काढला, दोन बाण काढले आणि डासाच्या बाणाखाली लिहिलं: हलका आहे म्हणून मेला, जोर कमी म्हणून नाही.

एकही शब्द न बोलता जाऊन बसला.

मी नोकरीला लागल्यापासून हा मुद्दा इतक्या थोडक्यात कधी सांगितला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आडिपेरुक्कु, नदीच्या चढत्या पाण्याचा सण. यंदा कावेरीला भरपूर पाणी, घाटावर मुंगीला जागा नाही. अण्णांचा हात धरून उतरले. त्यांना उजव्या डोळ्याने पायऱ्या दिसत नाहीत आता, कबूल करत नाहीत. चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, दही-भात, डबे घेऊन काठावर जेवलो. पोरं केळीच्या सोपात दिवे सोडत होती. एका दिव्यात कोणी खडा ठेवला, तो तरंगत गेला, कलला, खडा बुडाला. बघता बघता प्रश्न सुचला. घरी येऊन लिहून ठेवला.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रश्न असा: तळ्यात होडी, होडीत मोठा दगड. दगड उचलून तळ्यात टाकला, तो तळाला गेला. तळ्याचं पाणी चढेल, उतरेल, की तेवढंच राहील? गावातलं महामहम तळं घेतलं की आमच्या पोरांना डोळ्यांसमोर दिसेल.

अण्णांना विचारलं. अण्णांचं आयुष्य पितळेच्या भांड्यांच्या दुकानात गेलं. म्हणाले, "चढेल कीं. दगड आंत गेला, पाणी वर. ह्यांत काय आहे विचारायला?"

बादली, त्यात तरंगता वाडगा, वाडग्यात त्यांचंच जुनं पितळी वजन. पाण्यापाशी खडूची खूण. वजन उचलून बादलीत सोडलं. पाणी खुणेच्या खाली.

अण्णा वाकून बघत राहिले. मग: "बादली गळते."

मी दुसरी बादली आणली. तीही गळते म्हणाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तास संपल्यावर कदिरवन टेबलापाशी आला. काहीतरी विचारायचं होतं. तमिळमधली अक्षरं वेगळी, इथे मराठीत बसवून लिहितेय. "मॅम, घ- घ-" मी म्हटलं, "घर्षण?" मान हलवली, नाही. "घ-" "घनता?" नाही. माझं मलाच वाईट वाटत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावर लिहिलं: थांबा मॅम. मीच.

थांबले. बराच वेळ गेला. शब्द आला, 'घड्याळ'. वेगात असलेलं घड्याळ हळू चालतं म्हणतात ते खरं का, असा प्रश्न. पहिल्या वर्षाचा मुलगा! आम्ही दोघं जेवायची सुट्टी संपेपर्यंत तिथेच. मी एकही शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला नाही. वाटतं तितकं सोपं नाही ते.

१३ ऑगस्ट

वर्गात त्याचं नाव न घेता एवढंच सांगितलं, चर्चेत दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. शर्मिलाने जीभ चावली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अंतर्गत परीक्षेचे मार्क आले. ब विभाग वर!! अ च्या वर, आणि अ मध्ये सगळी इंग्लिश मीडियमची पोरं. तिखट प्रश्न होते, पाठ करून सुटणारे नव्हते. स्टाफरूममध्ये तोंड सरळ ठेवून बसणं अवघड गेलं. कॅन्टीनमध्ये एकटीनेच गोड मागवलं.

दुपारी जी.आर. सरांनी बोलावलं. मला वाटलं कौतुक. कौतुकही झालं. मग:

"आता नावं चालू कर. कोण बरोबर, कोण चूक, रोजच्या रोज दिसेल. हजेरी त्यातच. अंतर्गत मार्कही त्यातूनच देता येतील. किती काम वाचेल बघ."

"सर, मी त्यांना शब्द दिलाय."

"मुलांना?" असं विचारलं की जणू मी मांजराला शब्द दिलाय.

"नावं आली की ती पुन्हा मान हलवायला लागतील. हुशार मुलाचं बघून दाबतील."

"आणि नावं नसली तर आळशी लपतील. वर्ग म्हणजे गर्दी नव्हे. प्रत्येकाने आपल्या उत्तराची जबाबदारी घेतली पाहिजे."

हेही खोटं नाही, हाच त्रास.  तरी नाही म्हटलं. सरांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "सप्टेंबर संपेपर्यंत विचार कर. नावं, नाहीतर फोन दप्तरात."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. भिंतीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत खडखडा वाचली. डॉक्टर खूश, घाई नाही म्हणाले. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, अण्णा, मग पायऱ्या का दिसत नाहीत?

अण्णा (रस्त्याकडे बघत): "माझ्या आधींचा माणूस वाचत होता. ऐकून ठेविलें."

"पण का?"

"एवढीं अस्की माणसें बसलीं होतीं. 'दिसत नाहीं' म्हणून कसें सांगायचें?"

तशीच रिक्षा वळवली. डॉक्टरांना सांगून दार बंद करून घेतलं, आत फक्त अण्णा आणि ते. दुसरी ओळही येईना. ऑपरेशनची तारीख घेऊन आलो.

जी.आर. सरांना द्यायचं उत्तर मला रिक्षात मिळालं. पण हे त्यांना सांगू कसं?

२६ ऑगस्ट, मंगळवार

वर्गालाच विचारलं, पोलने. नावं चालू करावीत का? बहुतेकांचं 'नको'. पण 'हो' म्हणणारेही होते, आणि बरेच. म्हटलं, हो वाल्यांना बोलायचंय का? पुढच्या बाकावरचा एक जण उठला, "मॅम, मी रोज बरोबर देतो, ते कोणालाच कळत नाही." त्याचंही खरंच. हसले सगळे, पण प्रेमाने. तोही हसला.

शर्मिला: "मॅम, माझं नाव कुठे येणार? फोन त्याचा. मी बरोबर असले तरी नाव याचंच." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

सरांना जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "मुलं नको म्हणणारच. मी स्वतः येऊन बसतो. अठरा सप्टेंबरला. आधी सांगून येतोय, तयारी कर."

४ सप्टेंबर, गुरुवार

तयारी काय करायची? पोरांना सांगितलं सर येणार. वर्गाचा रंग उतरला. सरांना सगळं कॉलेज टरकतं. प्रश्न विचारतात आणि दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर स्वतःच देऊन "पुढे!" म्हणतात. माझ्याही बी.एस्सी.ची तीन वर्षं त्या 'पुढे'त गेली.

११ सप्टेंबर, गुरुवार

अण्णांचं ऑपरेशन झालं. नीट झालं. डोळ्यावर पट्टी, जेवणाबद्दल तक्रारी सुरू, म्हणजे बरे आहेत. 'आमटींत मीठ नाहीं, माझा डोळा कापला, जीभ नाहीं.'

१५ सप्टेंबर

पट्टी निघाली. माझ्याकडे बघून: "तूं एवढी वाळलीस कधीं?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते. 

सर आले, मागच्या बाकाकडे गेले. शर्मिला आज आली नव्हती, चोळपुरम्‌ची बस बंद. जागा एकच रिकामी, कदिरवनच्या शेजारी. सर तिथे बसले. मी मनात म्हटलं, देवा, आणखी कुठे जागा नव्हती का!

नियम सांगितला, दोघांत एक फोन. सरांनी खिशातून आपला जुना बटणांचा फोन काढून दाखवला. "माझा फोन नुसता फोन आहे." वर्ग भीत भीत हसला. म्हणजे सर आणि कदिरवन मिळून एक मत.

मी आडिपेरुक्कुपासून राखून ठेवलेला होडीचा प्रश्न टाकला. महामहम तळं, होडी, दगड. चढेल, उतरेल, तेवढंच?

सरांनी क्षणात ठरवलं. मी दोन बाकं पुढे होते, ऐकू येत होतं. "तेवढंच राहील. दगड आधीही तळ्यातच होता, नंतरही तळ्यातच. दाब." कदिरवनने दाबलं नाही. सरांनी स्वतः बोट पुढे करून दाबलं.

पट्टे आले. 'चढेल'ला सगळ्यात जास्त. मग 'तेवढंच'. 'उतरेल'ला अगदी थोडी मतं.

"चर्चा."

पहिल्यांदा कोणी बोलेना, मागे सर बसलेत. मग हळूहळू सुरू झाले. मी जागची हलले नाही. कदिरवन सरांकडे वळला. तमिळमध्ये होडीला पडगु म्हणतात, आणि 'प'वर तो सगळ्यात जास्त अडतो. "प- प-"

सरांचं तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय येणार. कदिरवनने पंजा वर केला. सरांना! तमिळमध्ये दोनच शब्द, "थांबा सर." ते मात्र स्वच्छ आले.

आणि सर थांबले. मी सरांना कोणासाठी थांबलेलं कधी पाहिलेलं नाही. तो अडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच बघत राहिले. आजूबाजूच्या बाकांवरची बडबड आपोआप थांबली आणि तरी कोणी त्याचा शब्द पुरा केला नाही.

तो म्हणाला ते असं: दगड होडीत आहे तोवर होडी त्याच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. तळाला गेला की तो फक्त स्वतःच्या आकाराएवढंच पाणी सारतो. दगड पाण्याहून जड. त्याच्या वजनाएवढं पाणी म्हणजे त्याच्या आकाराहून पुष्कळ जास्त. म्हणून नंतर कमी पाणी सरतं. म्हणून पाणी उतरतं.

एवढ्याला खूप वेळ लागला. पण वाक्य न् वाक्य त्याचं.

सरांनी खिशातून पेन काढलं. मग चष्मा काढला. मग त्याच्या वहीवर काहीतरी खरडलं, खोडलं. मग मान वर करून, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात:

"हा बरोबर आहे. मी चुकलो."

फोन उचलून त्याच्या हातात दिला. "या वेळी तू दाब."

दुसऱ्या मताला 'उतरेल'चा पट्टा सगळ्यात वर. पोरांनी बाकं बडवली. मी थांबवलं नाही. सरांनीही थांबवलं नाही, ते स्वतःच हळूच बाकावर बोटं वाजवत होते, मी पाहिलं.

घंटा झाल्यावर वर्ग कदिरवनभोवती. तो तांबडालाल. "म- मॅम," मला म्हणाला, "सर ब- बरे आहेत." म्हणजे माणूस म्हणून बरे. मी म्हटलं, हो. मलाही आजच कळलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी बोलावलं. चहा मागवला, हेही पहिल्यांदाच.

"काल दुसऱ्या मताच्या वेळी मी माझं मत बदललं. का बदलू शकलो, सांगू? पडद्यावर माझं नाव नव्हतं. 'तेवढंच'च्या पट्ट्यावर माझं नाव झळकत असतं, तर मी त्या पोराशी तास संपेपर्यंत भांडलो असतो. हटलो नसतो. मला मी माहीत आहे."

शिपाई चहा ठेवून गेला.

"नावं बंदच ठेव," म्हणाले. "पण एक. ज्याला आपलं नाव सांगायचंय त्याला उठून सांगायची मुभा हवी. त्या पुढच्या बाकावरच्या मुलालाही."

हे मान्य. हे माझ्याहून चांगलं सुचलं त्यांना.

मग कप बाजूला ठेवून: "मी शिकवताना कोणाला वेळच दिला नाही ना?"

मी चहा प्यायले. त्यांनी उत्तराची वाट पाहिली. मी म्हटलं, "आता देताय सर."

बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसत उभी राहिले. शिपाई म्हणाला, काय मॅम, प्रमोशन? त्याहून मोठं, म्हटलं.

२२ सप्टेंबर

शर्मिला भयंकर चिडलेली. "मी एक दिवस नव्हते आणि एवढं झालं?" कदिरवनने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती पूर्णवेळ ओठ मिटून. तिच्यासाठी तेही कमी नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नवीन. सरांनी कॉलेजचे नियम ठरवणाऱ्या विद्वत सभेपुढे प्रस्ताव ठेवलाय: पहिल्या वर्षाच्या सगळ्या वर्गांत, सगळ्या विषयांत, फोनवरून पोल, नावाशिवाय. ज्यांनी फोन जमा करायचा नियम आणला तेच! काही सभासद म्हणतायत, करा, पण नावं हवीतच. इतिहासाच्या मॅडम म्हणतायत, आमच्या विषयाला अ ब क ड लावता येत नाही. मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले, दोघींनी मिळून एक प्रश्न तयार केला, ज्याची चारही उत्तरं थोडीथोडी बरोबर आहेत. त्यांचे डोळे चमकले. "यावर तर मारामारी होईल वर्गात!" तेच तर हवंय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पुढच्या सत्राच्या सेमिनारसाठी नावं मागितली. वर्गापुढे उभं राहून बोलायचं, एकट्याने. कदिरवन आला. विषय: हळू चालणारं घड्याळ. मी विचारलं, जास्त वेळ हवा का? त्याने थोडा विचार केला. "ह- हवा." नेमका किती ते तोच ठरवणार आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली. अण्णा आता पेपर चष्म्याशिवाय वाचतात आणि मला मथळे ऐकवतात. अ विभागाच्या सरांनी विचारलं, "ते नाव बंद करायचं बटण कुठे असतं हो?" सभेच्या निर्णयाची वाट न बघता! दाखवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत विद्वत सभा. मी सभासद नाही, म्हणून बाहेर.

काल संध्याकाळी जी.आर. सरांचा फोन. "चर्चेआधी त्यांना एक पोल घ्यायला लावू. बिननावाचा. एक प्रश्न दे, फिजिक्स न आलेल्यालाही मत असेल असा." मी दिला: कॉफीचा पेला समोर आलाय, प्यायची आहे दहा मिनिटांनी. गरम हवी असेल तर गार दूध आत्ता घालायचं की पिताना?

कुंभकोणममध्ये कॉफीबद्दल मत नसलेला माणूस कुठे शोधणार?

पहिलं मत झालं असावं, कारण मग एकदम शांतता, आणि मग आवाज चढत चढत गेले. आता तर गदारोळ. खुर्च्या सरकतायत. कोणीतरी "माझ्या आईला विचारा!" म्हणतंय. नावांचा मुद्दा कामकाजात चौथा आहे, आणि हे अजून दुधावरच. निर्णय आज होईल की नाही कोण जाणे. सर म्हणाले होते मतं अगदी काठावर आहेत.

दार उघडलं. सरांनी डोकं बाहेर काढलं, केस विस्कटलेले. "वेळ लागेल."

"किती सर?"

"माहीत नाही. त्यांना बोलू दे."

दार लागायच्या आत रजिस्ट्रारसाहेबांचा आवाज ऐकू आला, जे कधी कोणाचं ऐकत नाहीत, त्यांचा: "थांबा, थांबा! मला पुन्हा मत द्यायचंय!"